दुसरा घास

येळवसेला लातुरात
चौकात कुत्रंसुद्धा सापडत नाही.
नव्या माणसाला वाटावं, कर्फ्यू लागला.
वर्कनेश टीचरना तसंच वाटलं.
सकाळी सातला फोन : "ड्रायव्हरभाऊ, शहराला काय झालं?"
म्हटलं, काही नाही, जेवायला गेलंय.
तयार राहा. पोरांनाही घ्या.

आमच्या शाळेत त्या फिजिक्स शिकवतात.
इथिओपियाच्या. दुसरं वर्ष चालू आहे,
मागच्या येळवसेला सुट्टीत गावी होत्या.
पोळ्याला त्यांच्या नाहोमने
मातीच्या बैलाला चष्मा काढला,
पंचमीला मिहरेत झोक्यावरून उतरेना,
आणि मुलुगेतासाहेबांना तर धोंड्याच्या महिन्यात
लेक नसलेल्या बिराजदारांनी
जावई करून जेवू घातलं.
अजून त्यांना "जावईबापू" म्हणतात गल्लीत.

मला शेत नाही.
ज्याला शेत नाही त्यालाही येळवस असते,
कुणाच्या तरी बांधावर.
आमची चाळीस वर्षं सिद्रामप्पांच्या,
उजनीच्या अलीकडं.

कडब्याची कोप, पूर्वेला तोंड.
आत चुना लावलेले पाच दगड.
बाहेर घाटे भरलेला हरभरा.
गौराक्कानं बिंदग्यावरचं फडकं सोडलं
आणि टीचर वाकल्या.
आंबिलीवर इतका वेळ वाकून राहिल्या
की गौराक्का घाबरली, नासली का काय!
"एर्शो," त्या म्हणाल्या.
मग पोरांकडं वळून जोरात, "एर्शो!"
दोन्ही पोरांनी बिंदग्यात डोकी घातली.
पीठ आंबवायचं पाणी, साहेबांनी सांगितलं,
हिच्या आईच्या डेऱ्याला असाच वास असतो.
इथं ही दीड वर्षं
दुकानातल्या यीस्टवर भागवतेय.

ताटं वाढली. भज्जी, उंडे, आंबट भात, खीर.
माझी आई सवयीनं ताट उचलून
बाभळीकडं निघाली.
कुणी सांगितलं नव्हतं. आता कुणी सांगत नाही.
पायच जातात.

टीचरनी भाकरीचा तुकडा भज्जीत बुडवला,
बोटांनी वळला,
आणि चालत जाऊन आईच्या तोंडासमोर धरला.
"गुर्शा," साहेब म्हणाले, "आमच्यात असतं."
आईनं माझ्याकडं पाहिलं,
मग सिद्रामप्पांकडं.
घास तसाच.
भज्जीचा ओघळ टीचरच्या मनगटावरून
कोपरापर्यंत आला.
डॉक्टरसमोर उघडतात
तसं आईनं तोंड उघडलं.

"एकच दिला तर भांडण होतं,"
टीचर म्हणाल्या, आणि दुसरा वळला.
मग आईनं त्यांना भरवला.
तेवढ्यात गौराक्का,
जी माझ्या लहानपणी
आईच्या ओंजळीत वरून आंबील ओतायची,
"आन् मला गं?" म्हणाली.
हसत म्हणाली, पण हसू अर्ध्यातच थांबलं.
आईची बोटं तोवर पुढचा घास वळत होती.
मी पाणी आणायला विहिरीकडं गेलो.
पुढं काय झालं, पाहिलं नाही.
खोटं कशाला बोलू,
पाहायचं धाडस नव्हतं.

दिवेलागणीला हेंडगा पेटवला.
"ओलगे ओलगे, सालम पलगे!"
नाहोम सगळ्यांच्या पुढं, पिकाभोवती.
साहेबांनी अर्थ विचारला.
सिद्रामप्पा म्हणाले, आमच्या आज्यालाबी ठाऊक नव्हता.
साहेब ज्वाळेकडं बघत राहिले.
त्यांच्याकडंही पाऊस सरला की
पिवळी फुलं बांधून लाकडं रचतात, पेटवतात,
ती कुठल्या अंगाला कोसळतात
यावरून वर्षाचा अंदाज करतात.
सिद्रामप्पांनी विचारलं,
"आन् तुरीचा भाव? त्यो कळतो का त्यात?"

परतताना व्हॅनमध्ये पोरं झोपलेली.
टीचरच्या मांडीवर दुधाच्या किटलीत
उरलेली आंबील, झाकण धरून.
औशाच्या पुढं आई मागून म्हणाली,
"बाईच्या गावाला येळवस कवा असती रं?"
विचारतो म्हटलं.
आरशात पाहिलं :
तिनं उजवा हात धुतला नव्हता.
मांडीवर उताणा ठेवला होता,
खड्डा आला की
डाव्यानं सांभाळत होती.